माळा केवढा बांधायचा? रॅम वाढवल्यावर स्वॅपचं गणित

या खेपेला आलेले प्रश्न काढून बसलो तर निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे निघाले. रॅम वाढवली, आता स्वॅपचं (म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेचं) काय करू? त्यामुळे प्रिंटर रुसलेले आणि पासवर्ड विसरलेले सगळे पुढच्या अंकाला ढकललेत, रागावू नका. आणि एक सांगून ठेवतो, खाली कमांड मराठी अक्षरांत छापल्यात, टाइप करताना इंग्रजीत आणि लहान लिपीत करायच्या. मागच्या वेळी एका वाचकानं "सुडो" मराठीतच टाइप केलं आणि चालत नाही म्हणून मलाच फोन केला.

प्रश्न : सर नमस्कार. माझं उद्यमनगरात छोटं ड्रॉइंगचं काम आहे, फौंड्रीवाल्यांना पॅटर्नची ड्रॉइंग करून देतो, फ्रीकॅडवर. मशीन जुना डेस्कटॉप, लिनक्स मिंट. आधी ४ जीबी रॅम होती, गेल्या आठवड्यात ८-८ च्या दोन पट्ट्या टाकल्या, आता १६ झाली. पहिल्यांदा इन्स्टॉल करताना कुणीतरी सांगितलेलं रॅमच्या दुप्पट स्वॅप ठेव, म्हणून ८ जीबीचं पार्टिशन केलेलं. आता त्या हिशोबानं ३२ पाहिजे, पण माझी एसएसडीच २४० ची. एक मित्र म्हणतोय १६ जीबी असताना स्वॅप लागतीय कशाला, उडवून टाक. दुसरा म्हणतोय उडवलीस तर मशीन बसंल. दोघं पण छातीठोक सांगायल्यात. आणि अजून एक, आता निम्मी रॅम मोकळी असताना पण स्वॅपमध्ये २००-३०० एमबी वापर दाखवायलंय, म्हणजे नवीन पट्टी नीट बसली नाही का?
– एक ड्रॉइंगवाला, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : काही करू नका. खरंच. ८ जीबीचं पार्टिशन आहे तसं राहू द्या आणि ड्रॉइंगला लागा. तुमच्या मशीनला ते बरोबर आहे, योगायोगानं का असेना.

आता दोन्ही मित्र कुठं चुकले ते सांगतो, कारण दोघांचंही निम्मं निम्मं खरं आहे.

रॅम म्हणजे दुकानातलं काउंटर समजा आणि स्वॅप म्हणजे वरचा माळा. काउंटरवर रोजचं सामान, माळ्यावर वर्षातून एकदा लागणारं. दिवाळीच्या आकाशकंदिलाला काउंटरवर जागा अडवून ठेवायची गरज नसते, तसंच एखादा प्रोग्राम चालू होताना जी मेमरी घेतो आणि नंतर दिवसभर तिला हात लावत नाही, ती कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उचलून माळ्यावर टाकतो आणि मोकळी झालेली जागा कॅशला देतो, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला. तुमचे ते २००-३०० एमबी म्हणजे हाच आकाशकंदील. पट्टी नीट बसलीय. नसती बसली तर एक तर मशीन चालूच झालं नसतं, नाही तर १६ च्या जागी ८ दाखवलं असतं. हां, १६ च्या जागी साडेपंधरा वगैरे दाखवत असेल तर ते ठीक आहे, ऑनबोर्ड ग्राफिक्स आपला वाटा आधीच काढून घेतं.

दुप्पटचा नियम आला कुठून? जुन्या युनिक्समध्ये प्रोग्रामला मेमरी देतानाच तेवढी जागा स्वॅपमध्ये राखून ठेवायची पद्धत होती, मग ती वापरली जावो न जावो, त्यामुळे स्वॅप रॅमपेक्षा मोठी लागायचीच. लिनक्समध्ये डिस्कवर पानं (मेमरीच्या छोट्या तुकड्यांना पान म्हणतात) टाकायची सोय आली जानेवारी १९९२ मध्ये, ०.१२ आवृत्तीत, आणि तेव्हा लोकांच्या मशीनला २ एमबी, ४ एमबी रॅम असायची, जीबी नव्हे एमबी, त्याच्या दुप्पट म्हणजे कितीशी जागा. मग जानेवारी २००१ ला २.४ कर्नल आला आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत अशी गंमत होती की स्वॅपमध्ये गेलेलं पान परत रॅममध्ये आलं तरी स्वॅपमधली जागा अडूनच राहायची, म्हणजे काउंटरवर पण तेच आणि माळ्यावर पण तेच. त्यामुळे रॅमएवढी स्वॅप ठेवून फायदा शून्य, किमान दुप्पट ठेवा असं तेव्हा खरोखरच सांगितलं जायचं. त्याच वर्षी सप्टेंबरात २.४.१० मध्ये मेमरी सांभाळणारा तो सगळा भागच बदलला. रोग गेला पण पथ्य राहिलं, आणि आज पंचवीस वर्षांनी पण लोक ते पथ्य पाळायला लागलेत.

सध्या लोक काय ठेवतात? रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीच्या शिफारशीत २ जीबीपर्यंत रॅम असली तर दुप्पट, २ ते ८ मध्ये रॅमएवढी, आणि ८ ते ६४ जीबीला कमीत कमी ४ जीबी. उबंटूवाल्यांच्या मदतीच्या पानांवर वर्गमुळाचा हिशोब दिलाय, १६ चं वर्गमूळ ४ म्हणजे किमान ४ जीबी. दोन वेगळ्या घरचे लोक वेगळ्या वाटेनं ४ वरच आले. तुमच्याकडं ८ आहे. चार जीबी वाचवायला पार्टिशन छोटं करायच्या भानगडीत पडणं म्हणजे पेट्रोल जाळून ज्योतिबाला जायचं आणि उतारावर थेंबभर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचं. आणि ३२ तर नकोच, २४० ची एसएसडी सिस्टीममध्ये २२३ च दिसते, त्यातला सातवा हिस्सा कधीही न लागणाऱ्या माळ्याला घालवायचा?

आता पहिला मित्र. "उडवून टाक." हे मी स्वतः केलेलं आहे, म्हणून पोटतिडकीनं सांगतो. काही वर्षांमागं रॅम ८ ची १६ केली आणि त्याच जोशात स्वॅप बंद करून टाकली, आता काय आपण राजे. महिनाभर काही झालं नाही. मग एका रात्री पाहुण्यांच्या लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला, मागं ब्राउझरमध्ये चाळीसएक टॅब, आणि अकराच्या सुमाराला माऊसचा बाण जागेवर थांबला. हार्डडिस्कचा लाल दिवा मात्र फडफडत होता. मला कळंना, स्वॅपच नाही तर डिस्कवर हा करतोय काय? ते नंतर समजलं. स्वॅप नसली की कर्नलला प्रोग्रामची आपली मेमरी कुठं ठेवता येत नाही, मग जागा करायची तर उरतात डिस्कवरून पुन्हा वाचता येणाऱ्या गोष्टी, म्हणजे प्रोग्रामचा स्वतःचा कोड. तोच टाकतो, लगेच लागतो म्हणून परत वाचतो, परत टाकतो. आकाशकंदील काउंटरवर तसाच आणि तराजू मात्र दर गिऱ्हाईकाला आत-बाहेर. वीस मिनिटं असं झाल्यावर कर्नलनं सगळ्यात लठ्ठ प्रोग्राम बघून मारला, तो अर्थातच व्हिडिओचा होता. साडेतीन तासांचं काम गेलं आणि सकाळी पाहुणे दारात.

स्वॅपनं तो प्रसंग टळलाच असता असं मी म्हणत नाही. पण मशीन आधी हळू झालं असतं, मला कळलं असतं, चार टॅब बंद केले असते. स्वॅपचा हा उपयोग कुणी धरत नाही बघा, ती धोक्याची घंटा पण असते.

आणि दुसऱ्या मित्राला पण एवढंच सांगा की स्वॅप म्हणजे रॅम नव्हे. रॅममधली गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरणाऱ्या हार्डडिस्कवर डोकं त्या जागी न्यायलाच १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे फरक लाखपटीचा. एसएसडीवर बराच कमी, तरी शेकड्यात-हजारात आहेच. तेव्हा काम मावत नसेल तर माळा वाढवून काउंटर मोठं होत नाही.

तुमचं काम मावतंय का ते कसं बघायचं? टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) फ्री, स्पेस, डॅश एच असं टाइप करा. त्यात "फ्री" नावाच्या रकान्याकडं बघून घाबरू नका, तो कमीच असणार, रिकामी रॅम ठेवून करायचंय काय, कर्नल ती कॅशला वापरतो. बघायचा तो "अव्हेलेबल" रकाना. मग सगळ्यात जड ड्रॉइंग उघडून व्हीएमस्टॅट, स्पेस, १ अशी कमांड द्या, दर सेकंदाला एक ओळ येत राहील. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत एसआय आणि एसओ असे दोन रकाने आहेत, स्वॅपमधून किती आत आलं आणि किती बाहेर गेलं. आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो ना, नदीत पाणी किती यापेक्षा चढतंय का उतरतंय हे महत्त्वाचं, तसंच हे. स्वॅपमध्ये ५०० एमबी पडून आहे पण दोन्ही रकाने शून्य, म्हणजे आकाशकंदील, बिनधास्त राहा. दोन्ही रकान्यांत मिनिटभर सलग हजारांचे आकडे पळायला लागले तर समजा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, आता रॅमच वाढवा नाही तर काम कमी करा. १६ जीबीवर पॅटर्नच्या ड्रॉइंगला ही वेळ येईल असं मला वाटत नाही.

जाता जाता स्वॅपिनेस, म्हणजे कर्नलनं स्वॅपकडं किती झुकायचं ते सेटिंग. मूळ सेटिंग ६० असतं आणि हमखास कुणीतरी सांगतो की रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होते. तसं नाही. ते टक्के नव्हेतच, जागा करायची वेळ आली की कॅश आधी टाकायची का प्रोग्रामची पानं आधी हलवायची याचा तो कल आहे. आकडा कमी तर कॅशवर पहिली कुऱ्हाड. डेस्कटॉपवर बरेच जण १० करतात, तुम्हाला करायचं तर करा, पण १६ जीबीवर फरक डोळ्यांना दिसेल अशी आशा ठेवू नका.

प्रश्न : नमस्कार सर. मी कागल तालुक्यात एका शाळेत शिक्षिका आहे. माझ्या लॅपटॉपवर उबंटू आहे. मुलानं रॅम ८ ची १६ जीबी करून दिली. आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि लॅपटॉपची बॅटरी आता पाऊण तासावर टिकत नाही. उघडलेल्या सगळ्या फाइल जशाच्या तशा ठेवून मशीन पूर्ण बंद करता यावं म्हणून हायबरनेट करून पाहिलं, तर स्वॅप पुरेशी नाही असा संदेश येतो. स्वॅप २ जीबी दिसते. ती किती करावी आणि कशी? मला टर्मिनलची थोडीफार सवय आहे.
– एक शिक्षिका, कागल

उत्तर : मॅडम, वर मी ज्याला काही करू नका म्हटलं त्याच्या नेमकं उलट तुम्हाला सांगायचंय. हायबरनेट वापरायचं असेल तर गणितच बदलतं.

स्लीपमध्ये रॅमला थोडी वीज मिळत राहते म्हणून आतलं टिकतं, बॅटरी संपली की गेलं. हायबरनेटमध्ये वीज पूर्ण बंद करायची असते म्हणून रॅममधलं सगळं आधी स्वॅपमध्ये लिहून ठेवतात. ऑगस्ट २०१९ ला आमच्या शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा घरात जे केलं ते हेच. एरवी माळ्यावर चार जुनी भांडी आणि गाद्या. पण त्या रात्री खालचं सगळंच वर चढवायचं होतं, टीव्ही, तांदळाची पोती, आईची शिलाई मशीन, आणि तेव्हा कळलं माळा केवढासा आहे ते. गाद्या दाबून दाबून बांधल्या, तरी फ्रिज राहिलाच. तर रोजच्या वापराला छोटा माळा चालतो, पुराला खालच्या खोलीएवढा लागतो.

कर्नलही गाद्या दाबतोच. हायबरनेटची प्रतिमा तो कॉम्प्रेस करतो, आणि मुळात ती रॅमच्या दोन पंचमांश आकारात बसवायचा प्रयत्न करतो, म्हणजे तुमच्या १६ ला साधारण ६.४ जीबी. त्यामुळे ८-१० जीबी स्वॅपवर हायबरनेट चाललेली मशीन तुम्हाला दिसतील, ती खोटी नाहीत. पण ज्या दिवशी वीस कागदपत्रं, ब्राउझर आणि व्हिडिओ सगळं उघडं असेल नेमकं त्या दिवशी जागा कमी पडते, आणि हायबरनेटची गरज पण त्याच दिवशी असते. म्हणून मी उबंटूचा तो वर्गमुळाचाच हिशोब धरीन, रॅम १६ अधिक वर्गमूळ ४, म्हणजे २० जीबी. रेड हॅटवाले या गटात हायबरनेटसाठी दीडपट म्हणतात, म्हणजे २४. डिस्कवर जागा असेल तर २४ करा, नसेल तर २०, त्यावरून भांडत बसण्यात अर्थ नाही.

तुमची ती २ जीबी म्हणजे बहुधा स्वॅप फाइल आहे. उबंटू १७.०४ पासून वेगळं पार्टिशन न करता फाइलच करतं. आधी स्वॅपऑन, स्पेस, डॅश डॅश शो ही कमांड देऊन तिचं नाव बघून घ्या, आवृत्तीप्रमाणे नाव वेगळं असतं, जे दिसेल तेच पुढं सगळीकडं वापरायचं. उघडे प्रोग्राम बंद करा. मग सुडो स्वॅपऑफ आणि फाइलचं नाव. याला एखादं मिनिट लागेल कारण वरचं सगळं सामान खाली उतरतंय, मध्येच बंद करू नका. मग डीडी कमांडनं त्याच नावाची नवी फाइल शून्यांनी भरायची, बीएस १ एम (हा एम तेवढा मोठ्या लिपीत) आणि काउंट २०४८०, म्हणजे २० गुणिले १०२४. डीडीचं नाव लिहिताना एक एक अक्षर दोनदा वाचा, चुकून फाइलऐवजी डिस्कचं नाव पडलं तर तो विचारत नाही, लिहीत सुटतो. मग चमोड ६०० म्हणजे ती फाइल रूटशिवाय कुणाला वाचता येऊ नये, मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन. फाइलचं नाव तेच असल्यामुळे एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना काय काय जोडायचं त्या यादीत, काही बदलावं लागत नाही. हे सगळं डिस्क ईएक्सटी४ असेल तर, उबंटूत बहुतेक तीच असते. बीटीआरएफएस असेल तर असं सरळ करू नका, तिथं फाइल वेगळ्या पद्धतीनं बनवावी लागते.

पण मॅडम, इथं निम्मंच काम झालं. नुसती जागा केली म्हणून मशीन चालू होताना सामान कुठं ठेवलंय ते आपोआप कळत नाही. स्वॅप पार्टिशन असतं तर त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, दिला की भागतं, फाइलला मात्र ती ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी आणि शिवाय त्यात फाइल नेमकी कुठून सुरू होते तो ऑफसेट, असे दोन आकडे ग्रबच्या (मशीन चालू होताना सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत रिझ्यूम आणि रिझ्यूम ऑफसेट म्हणून लिहायला लागतात. ऑफसेट फाइलफ्रॅग, स्पेस, डॅश व्ही नं मिळतो, फिजिकल ऑफसेटच्या रकान्यातला पहिला आकडा. मग अपडेट-ग्रब. आणि पुढं कधी स्वॅप फाइल पुन्हा केलीत तर हा आकडा बदलतो, तो बदलायला विसरलात तर हायबरनेट झालेलं मशीन सकाळी कोरं करकरीत चालू होईल. मुलाला शेजारी बसवूनच करा. तो म्हणेल की त्यापेक्षा वेगळं स्वॅप पार्टिशनच करूया, तर त्याचं ऐका, हायबरनेटसाठी ते खरंच सुटसुटीत पडतं.

एवढं करून मेनूत हायबरनेट दिसलं नाही तर गडबडू नका, उबंटूनं १२.०४ पासूनच ते मेनूतून काढून टाकलंय, टर्मिनलमधून सिस्टीमसीटीएल हायबरनेट द्या. आणि बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल हायबरनेट करूच देत नाही, ते आधी बघा, नाही तर वरची सगळी उठाठेव वाया. अजून एक, तुम्ही शाळेच्या आहात म्हणून सांगतो, हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं, उघडी गुणपत्रकं, पासवर्ड, सगळं. डिस्क एनक्रिप्ट केलेली नसेल आणि लॅपटॉप हरवला तर ते वाचता येतं.

आता माझं खरं मत विचाराल तर नवी बॅटरी टाका. पण तुम्ही विचारलंत ते सांगितलं.

प्रश्न : दादा, रॅम १२ जीबी केल्यावर स्वॅपचं पार्टिशन डिलीट मारलं, ती जागा होममध्ये घेतली. तेव्हापासनं लॅपटॉप चालू व्हायला दोन मिनिटं घ्यायलाय, आधी वीस सेकंदात व्हायचा. रॅम वाढवून मशीन हळू कसं झालं? दुकानदारानं गंडवलं का?
– शिवाजी विद्यापीठाजवळचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा

उत्तर : दुकानदाराला उगाच शिव्या देऊ नकोस भावा. पार्टिशन गेलं पण त्याचा पत्ता एफएसटॅबमध्ये राहिला. मशीन चालू होताना सिस्टीमडी, म्हणजे एकेक गोष्ट सुरू करणारा प्रोग्राम, त्या पार्टिशनची वाट बघत बसतं, बरोबर दीड मिनिट, मग नाद सोडून पुढं जातं. चालू होताना एस्केप दाबून बघ, "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" असं काहीतरी आणि समोर १ मिनिट ३० सेकंदांचा काटा पळताना दिसंल. ईटीसीमधली एफएसटॅब फाइल सुडोनं उघड, जिथं स्वॅप लिहिलंय त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाक. ओळ पुसू नकोस, हॅशच टाक, चुकलं तर परत काढता येतं. उबंटू-मिंट असेल तर इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असते का बघ, तिथं पण तोच जुना यूयूआयडी असतो, तिथं रिझ्यूम बरोबर नन असं लिही (रिझ्यूम तेवढं मोठ्या लिपीत) आणि अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू चालव. उरलेली अर्धा मिनिटाची अडवणूक तिथं असते.

आणि तेवढं झालं की ४ जीबीची स्वॅप फाइल करून टाक. वर सगळं लिहिलंय, माझा लग्नाचा किस्सा पण वाच.

प्रश्न : लक्ष्मीपुरीत आमचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. विंडोज, कोरल आणि फोटोशॉप. रॅम ८ ची १६ केली. इंटरनेटवर बघितलं की पेजफाइल बंद केली की मशीन पळतं, म्हणून केली. सुरुवातीला पळाल्यासारखं वाटलं पण आता मोठा बॅनर उघडला की आउट ऑफ मेमरी येतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये तर रॅम मोकळी दिसते. असं कसं?
– एक फ्लेक्सवाले

उत्तर : पेजफाइल म्हणजे विंडोजची स्वॅपच. विंडोजचा एक कडक नियम आहे, प्रोग्रामनं मेमरी मागितली की द्यायचा शब्द देतानाच तेवढी जागा कुठंतरी आहे याची खात्री करायची, आणि एकूण शब्द रॅम अधिक पेजफाइल यापेक्षा जास्त द्यायचा नाही. फोटोशॉपसारखे प्रोग्राम गरजेपेक्षा जास्त शब्द घेऊन ठेवतात. तुम्ही पेजफाइल काढली, मर्यादा १६ वर आली, शब्द देऊन संपले, प्रत्यक्ष वापर मात्र दहा-अकराच. लग्नाचा हॉल बुक झालाय पण आत पाहुणे निम्मेच बसलेत, तरी दुसऱ्याला हॉल मिळत नाही, तसं. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर "कमिटेड" म्हणून दोन आकडे असतात, ते बघा, पटेल. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोमॅटिकली मॅनेज वर परत टिक करा आणि ते पान पुन्हा उघडू नका. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क हे प्रकरण वेगळं, ती पेजफाइलमध्ये धरू नका, तिला सी ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या एसएसडीवर भरपूर मोकळी जागा लागतेच.

सी ड्राइव्हवर जागाच कमी म्हणून हे केलं असेल तर पेजफाइल सोडा आणि हायबरफिल, म्हणजे विंडोजची हायबरनेटची फाइल, बघा. विंडोज १० पासून ती रॅमच्या ४० टक्के धरते, रॅम १६ केली की ती पण फुगून ६.४ जीबी. दुकानातल्या डेस्कटॉपला हायबरनेट लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ. फास्ट स्टार्टअप पण त्याबरोबर बंद होतं, सकाळी चालू व्हायला पाच-दहा सेकंद जास्त लागतील, तेवढ्यात अगरबत्ती लावून होते.

प्रश्न : आमच्या लॅपटॉपची ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, वाढत नाही म्हणतात. नुसती स्वॅप वाढवून काही फरक पडेल का? मोबाईलमध्ये तर ४ अधिक ४ जीबी रॅम असं सेटिंग येतं, तसं इथं का नाही?
– जयसिंगपूरहून एक आजोबा

उत्तर : आजोबा, मोबाईलमधलं ते अधिक ४ म्हणजे स्टोरेजवरची स्वॅपच, नाव तेवढं छान दिलंय. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर त्याहून बरी गोष्ट आहे, झेडरॅम. यात माळा बांधायचाच नाही, काउंटरवरच सामान घडी घालून ठेवायचं. क्वचित लागणारी पानं कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवतात, साधारण दोन-तीन पानं एकाच्या जागेत बसतात आणि घडी उलगडायला डिस्कपर्यंत जायला लागत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये हे ३.१४ पासून आहे आणि फेडोरा या लिनक्सनं ऑक्टोबर २०२० च्या ३३ आवृत्तीपासून ते आपणहून चालूच ठेवलंय. ४ जीबीच्या मशीनवर मी तरी आधी हेच करीन आणि सोबत एसएसडीवर २-४ जीबीची साधी स्वॅप ठेवीन. झेडरॅम असेल तर स्वॅपिनेस कमी करायचा सल्ला ऐकू नका, उलटा वाढवायचा असतो, ५.८ कर्नलपासून तो २०० पर्यंत जातो. एकच, झेडरॅममध्ये हायबरनेट होत नाही, घडी घातलेलं पण शेवटी रॅममध्येच आहे, वीज गेली की गेलं.

प्रश्न : रॅम बदलल्यावर स्वॅप पार्टिशन परत फॉरमॅट करायला लागतं का?
– कदमवाडीतून

उत्तर : नाही. उलट एमकेस्वॅप पुन्हा केलंत तर यूयूआयडी बदलतो आणि वरच्या इंजिनिअरिंगच्या पोरासारखं दीड मिनिट ताटकळत बसायची पाळी येते. फक्त रॅम बदलायच्या आधी मशीन नीट शटडाउन करा, हायबरनेट केलेलं मशीन उघडून पट्टी बदलायची नाही. माळ्यावरचं सामान जुन्या खोलीच्या मापानं रचलेलं असतं, खोलीच बदलली तर ते परत उतरवता येत नाही आणि उघडं ठेवलेलं काम जातं. विंडोजवर फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, मगच ते खरं शटडाउन होतं. मग वायर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि मग झाकण उघडा.